नववीची घात

"दहाचा शून्यावा घात किती?"

"शून्य!"

नववीच्या वर्गात इतकं एकमत दुसऱ्या कशावरही नव्हतं. सात आठेपाशी पाढ्यात दोन तट पडायचे, प्रार्थनेतसुद्धा अर्धा वर्ग एक ओळ मागं असायचा, पण हे उत्तर मात्र बत्तीस तोंडांतून एकदम आणि छातीठोक यायचं. माधुरी मॅडमनी कपाळावर हात मारला आणि तिसऱ्यांदा फळा पुसला.

"नीट बघा. दहाचा तिसरा घात हजार. दुसरा घात शंभर. पहिला घात दहा. प्रत्येक वेळी काय होतंय?"

"धानं भागतोय!"

"मग दहाला दहानं भागलं की?"

"एक!"

"म्हणजे दहाचा शून्यावा घात?"

"शून्य!"

मागच्या बाकावरून इंद्रजित उभा राहिला. या पोराला वकील व्हायचं होतं आणि सराव तो गणिताच्या तासाला करायचा. "मॅडम, म्या सांगू? दहा शून्य वेळा घेतलं म्हंजी घेतलंच न्हाई. घेतलंच न्हाई तर हातात काय ऱ्हानार?" वर्गानं माना डोलावल्या. पहिल्या बाकावरची वैष्णवीसुद्धा डोलली, आणि माधुरीला वाईट वाटलं ते त्याचंच, कारण वैष्णवी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती.

कापूरहोळच्या चौकातून भोरकडे वळलं की थोड्या अंतरावर ही शाळा लागते. माधुरीचं इथलं दुसरं वर्ष. माहेर हडपसरचं, वडील पोस्टात, घरात कुंडीतल्या तुळशीपलीकडे शेती नाही. पहिल्या वर्षी दहावीचा निकाल चांगला लागला, पाच मुलं भोरला अकरावी सायन्सला गेली, तिनं पेढे वाटले. दिवाळीपर्यंत त्यातली चार आर्ट्सला वळली होती. त्यातली सोनिया एकदा एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, "मॅडम, सर म्हणाले लॉग टेबल काढा. मी पुस्तक उलटं धरलेलं. सगळा वर्ग हसला." सोनिया सांगताना हसत होती. माधुरीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

लॉग नववीच्या पुस्तकात नाही. पण अकरावीला पाऊल टाकलं की केमिस्ट्री-फिजिक्सचे सर ते येतंच असं धरून चालतात. म्हणून माधुरीनं मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर ज्यादा तास सुरू केला. आधी घातांक पक्के करायचे, मग लॉग. आपल्या हातची मुलं पुन्हा दिवाळीत परतायची नाहीत, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. पण गाडी शून्याव्या घाताशीच रुतली होती.

त्यात बुधवारी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. मानसिंग शिळीमकर सर माणूस भला, पण त्यांचा जीव निकालापेक्षा शाळेमागच्या रानात जास्त होता. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाला त्यांनी गुंठाभराची एकेक पट्टी आखून दिली होती. पावसाळ्यात भात, भात निघालं की हरभरा. खिडकीतून पट्ट्यांकडे बघतच ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या ज्यादा तासाबद्दल पालकांची कुरकूर आहे. पाच-दहाची एसटी चुकते. पुढची सातला. या दिवसांत सहालाच अंधार पडतो, आणि त्यात मुली."

"सर, पण लॉग..."

"लॉग पोर्शनमध्ये नाही, मॅडम. वैष्णवीची आजी ठकुबाई परवा मला बाजारात धरून बोलली. वरव्याचे रखमाजीही बोलले. शनिवारी पालकांना बोलवा. त्यांनी होकार दिला तर चालू ठेवा. नाही दिला, तर सोमवारपासून तास बंद." मग जरा थांबून म्हणाले, "आणि त्या नववीच्या पट्टीत अजून चप्पल रुतते. तिचं काय करावं तेच कळत नाही."

हे शेवटचं वाक्य माधुरीनं ऐकलंच नाही. ती बाहेर पडली, भोरची एसटी पकडली आणि उभ्या उभ्याच पालकांच्या ग्रुपवर निरोप लिहायला घेतला. ज्यादा तास, लॉग, घातांक असं लांबलचक लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं. शिवाय खड्ड्यांत अंगठा भलत्याच अक्षरावर पडत होता. तिनं थोडक्यात आटपलं:

"नमस्कार. नववीला अजून घात येत नाही. त्यामुळे पुढचे सगळे काम अडले आहे. शनिवारी सकाळी साडेआठला सर्व पालकांनी शाळेत यावे. तुमच्या मदतीशिवाय हे होणार नाही."

एरवी तिच्या निरोपांना दोन अंगठे यायचे. या वेळी भोर येईपर्यंत सतरा आले. रखमाजींनी तर लिहिलं, "येतो बाई. काळजी नको. सगळं घेऊन येतो." सगळं म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण भरून आलं. आपण उगाच या माणसांना नावं ठेवत होतो, असं तिनं झोपताना स्वतःलाच ऐकवलं.

शनिवारी सकाळी ती फाटकाशी पोचली तेव्हा आतून फटफट आवाज येत होता. मैदानात टेम्पो उभा होता. त्यातून एक पॉवर टिलर फळीवरून खाली उतरत होता आणि रखमाजी "हळू रं, हळू" म्हणत त्याला बाबापुता करत होते. भिंतीला फावडी, कुदळी, टिकाव ओळीनं टेकवलेले. शिवऱ्याहून आलेल्या बायका घमेली उलटी करून त्यांवर बसल्या होत्या. एकीनं सगळ्यांपुरती भाकरी-चटणी बांधून आणली होती. आणि या सगळ्यात मानसिंग सर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून एखाद्या नवरदेवाच्या बापासारखे फिरत होते.

"मॅडम!" ते लांबूनच ओरडले. "कमाल केलीत! चार वर्षं मी लोकांच्या मागं लागलोय, कोणी आलं नाही. तुम्ही एक मेसेज टाकला आणि बघा!"

माधुरीला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच शाळेत आलो. तेवढ्यात शाळेमागून करडा आवाज आला.

"कोन म्हनतं घात येत न्हाई? येईल कशी? पानी जायला वाट तरी ठेवलीया का?"

नववीच्या पट्टीत नडगीपर्यंत चिखलात ठकुबाई उभी होती. नऊवारीचा काष्टा खोचलेला, हातात फावडं. साठी ओलांडलेली, बोटभर कुंकू, आणि आवाज असा की दोन पट्ट्या पलीकडचे बगळे उडाले. "बाई, या हिकडं. ह्यो बघा बांध. वरच्या पाच पट्ट्यांचं पानी हितं येऊन मुरतंय. रान चिबाडलंय. हितनं चर काढला, का आठ दिसांत घात आलीच म्हनून समजा."

"घात... आली?" माधुरीनं विचारलं.

"आली म्हंजी काय, येनारच. ओल बी नगं, कोरडं बी नगं, मूठ दाबली का गोळा व्हावा आन् सोडली का फुटावा. तीच घात. तवाच पेरायचं. तुमीच लिवलंय न्हवं?"

माधुरीला घात दोनच ठाऊक होते. एक गणितातला, दुसरा सिनेमातला. हा तिसरा, आणि तोही तो नव्हे, ती. तिनं वळून पाहिलं. व्हरांड्यात नववीचा वर्ग रांगेनं उभा होता आणि एकाही पोराला हसू आवरत नव्हतं.

"इंद्रजित! तुम्हांला माहीत होतं?"

"व्हय मॅडम. गुरुवारीच. आमच्या बानं टिलरला तेल घातलं तवाच कळलं." रखमाजी हे इंद्रजितचे वडील.

"मग बोलला का नाहीस?"

"मॅडम," इंद्रजित प्रामाणिकपणे म्हणाला, "आसली मज्जा पुन्हा कवा बघायला मिळनार?"

आता सांगायचं तरी कसं? वीस माणसं घरची कामं टाकून आलेली. काहींनी आजचा रोजही बुडवला होता. माधुरीनं पदर खोचला, चपला व्हरांड्यात काढल्या आणि सरळ चिखलात उतरली. दीड तास तिनं घमेली उचलली. ठकुबाईनं तिला फावडं धरायला शिकवलं. पहिल्या खेपेला निम्मा चिखल मानसिंग सरांच्या दुमडलेल्या विजारीवर गेला. चर बांधापर्यंत पोचला, शेवटचं ढेकूळ रखमाजींनी टिकावानं उडवलं, आणि साचलेलं पाणी खळाळत ओढ्याकडे निघालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसांनीही वाजवल्या.

भाकरी खाताना मात्र माधुरीला राहवलं नाही. तिनं घास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. तो निरोप रानाबद्दल नव्हताच. गणितातसुद्धा घात असतो, एखाद्या संख्येनं तिलाच पुन्हा पुन्हा गुणायचं, तो मुलांना जमत नाही. घात जमला तरच अकरावीला लागणारा लॉग जमतो, आणि तो येत नव्हता म्हणून आधीची चार मुलं दिवाळीपर्यंतच सायन्स सोडून गेली. म्हणून ज्यादा तास हवा आहे, आणि त्याला तुमचा होकार हवा आहे.

मग कोणीतरी फुसकन हसलं, आणि सगळं मैदान हसायला लागलं. शिवऱ्याच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मानसिंग सर हसले नाहीत, कारण त्यांच्यासाठी चार वर्षांनी घडलेली कमाल दहा मिनिटांत हातची गेली होती.

रखमाजींचं हसू आधी ओसरलं. "चर निघाला, ते बरंच झालं, बाई. पन येस्टीचं काय? साताच्या गाडीनं पोरगं घरी येतंय. आन् ते लाग का लोग, ते पुस्तकात तरी हाय का?"

"नाही," माधुरीनं कबूल केलं.

"मग?"

आणि ठकुबाईनं तर पाठच फिरवली. "माझी वैष्णवी अंधारात फाट्यावर उबी ऱ्हानार न्हाई. फावडं मागा, देते. पोर न्हाई द्याची."

माधुरीनं वैष्णवीकडे पाहिलं. पोरीनं मान खाली घातली होती. सोनियाही अशीच मान खाली घालायची. माधुरीच्या तोंडून एकदम भलताच प्रश्न गेला.

"आजी, तुम्ही हरभरा पेरता?"

"पेरतो की."

"एक शेर पेरला तर किती होतो?"

"साल बरं आसंल तर धा शेर."

"आणि ते दहाही परत पेरले?"

"शंभर. त्यात काय इचारायचं?"

"मग हजार शेर व्हायला?"

ठकुबाईनं बोटांवर मोजलं. "एक घात धाची. दुसरी शंभराची. तिसऱ्या घातीला हजार. तीन घाती लागत्याल."

वैष्णवीनं मान वर केली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "दहाचा तिसरा घात हजार. आजी तेच म्हनती. तीन घाती."

शिक्षिकेच्या आयुष्यात अशी वेळ रोज येत नाही आणि आली की घाई करायची नसते, एवढं तिला कळत होतं. ती सावकाश म्हणाली, "बरं आजी, आता समजा साल वाया गेलं. रानाला घातच आली नाही. एकही घात गावली नाही. शून्य घाती. तर तुमच्याकडे किती हरभरा?"

"शून्य!" मागून इंद्रजित सवयीनं ओरडला.

ठकुबाई गर्रकन वळली. "शून्य कसा रं, मुडद्या? पेरलंच न्हाई तर बी कुठं जाईल? गाडग्यात एक शेर व्हता, त्यो एक शेर हाय तसाच हाय की!"

बत्तीस पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तीन आठवडे फळ्यावर जे उमटत नव्हतं ते गाडग्यातल्या एका शेरानं उमटलं. वैष्णवी टाळी वाजवून ओरडली, "एक! दहाचा शून्यावा घात एक! बी असतंच की आधी!" आणि मग सगळा वर्ग "एक! एक!" करत नाचायला लागला. माधुरीला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"आन् भुंग्यानं खाल्लं तर?" इंद्रजितनं लगेच नवा खटला उभा केला. "शेराचा धावा हिस्साच उरला तर?"

"तर तो वजा एक घात," माधुरी डोळे पुसत म्हणाली. "तेही शिकवणार आहे."

रखमाजी इतका वेळ हनुवटी चोळत बसले होते. "म्हंजी बाई, किती घातीत किती माल, हेच तुमचं गनित?"

"घातांक म्हणजे तेच. आणि लॉग म्हणजे उलटा प्रश्न. माल डोळ्यांसमोर आहे, तो किती घातीचा ते ओळखायचं. हजाराचा लॉग तीन. शंभराचा?"

"दोन," शिवऱ्याच्या बायकांतली एक बोलली आणि स्वतःच लाजली.

"आन् पाचशेचा?" रखमाजींनी अडवलं. "ना शंभर, ना हजार."

"दोन पुऱ्या, तिसरी अर्धीमुर्धी," ठकुबाई म्हणाली.

"बरोबर. दोन पुऱ्या. आणि तिसरीतलं किती, ते या पुस्तकात असतं." माधुरीनं पिशवीतून लॉग टेबल काढलं आणि वैष्णवीच्या हातात दिलं. वैष्णवीनं पान उलटलं, माधुरीनं दाखवलेल्या ओळीवर बोट आडवं फिरवलं. पुस्तक सुलटं होतं, हे माधुरीनं आधी पाहिलं. "सहा नऊ नऊ शून्य," वैष्णवी म्हणाली. "म्हंजी दोन पूर्णांक सहा नऊ नऊ शून्य. अर्ध्याच्या वर हाय, आजी."

"आसंल," ठकुबाई म्हणाली. तिचं लक्ष पुस्तकाकडे नव्हतंच. पानावरून फिरणाऱ्या नातीच्या बोटाकडे ती बघत होती. मग तिनं हात झटकले आणि पोराटोरांना बोलावं तसं रखमाजींना विचारलं, "रखमाजी, रानाला घात आल्यावर तू किती दिस थांबतूस?"

"थांबतोय कशाला? चार दिसांत उरकावं लागतं. न्हाईतर ढेकळं."

"मग पोरांना घात आलिया आन् तू येस्टी बघत बसलाईस व्हय?"

रखमाजींनी टेम्पोकडे पाहिलं. टेम्पो बिचारा काही बोलला नाही. "मंगळवारी आन् गुरुवारी न्हवं?" ते शेवटी म्हणाले. "दूध घालून सहाला मोकळाच आसतो. आनतो समद्यांना. दारात सोडतो."

मानसिंग सरांनी होकाराचा कागद आधीच काढून ठेवला होता. सह्या आणि अंगठे मिळून तो दोन मिनिटांत भरला. सर कागद घडी करत म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात दहावीच्या पट्टीबद्दल पण एक मेसेज टाका."

ठकुबाईचा शब्द खरा ठरला. आठव्या दिवशी मानसिंग सरांनी नववीच्या पट्टीतली मूठभर माती दाबली. गोळा झाला. सोडली, फुटला. माधुरीनं ग्रुपवर लिहिलं, "नववीला घात आली." रखमाजींनी विचारलं, "रानाला का पोरांना?" तिनं उत्तर दिलं, "दोघांनाही."

दुसऱ्याच दिवशी पेरणी. टिलरनं पट्टी भुसभुशीत केली होती. ठकुबाई आली ती ओच्यात फडक्याची पुरचुंडी बांधून. तिनं ती सोडली. आत जुना गावरान हरभरा होता, तांबूस, बारीक, मोजून एक शेर. तिनं तो वैष्णवीच्या ओंजळीत ओतला.

"ह्ये शून्य घातीचं," ती म्हणाली. "मार्चात धा शेर. फुडल्या साली तू धावीला, तवा ते धा पेरायचे."

"दहा शेराला ही पट्टी पुरायची नाही," मानसिंग सर म्हणाले.

"आमचं रान हाय की," रखमाजी म्हणाले.

"आन् त्याच्या फुडच्या साली शंभर शेर," वैष्णवी म्हणाली. "त्याला तर तीन एकर लागंल, आजी."

"लागू दे. समद्या गावाला कामाला लावीन. पन तिसरी घात कवा येती, ते सांग."

वैष्णवीनं मनात हिशेब केला. भात निघाल्यावर. म्हणजे दिवाळी सरल्यावर. "अकरावीला आसंन मी तवा. दिवाळीनंतर."

"तवा तू सायन्सलाच पायजेस," ठकुबाई म्हणाली. "बी म्या राखीन. तू तुझी जागा सोडायची न्हाई."

वैष्णवीनं ओंजळ घट्ट धरली आणि मान हलवली. मग ती पट्टीत उतरली, तिच्यामागं इंद्रजित, त्याच्यामागं सगळी नववी. माधुरी मॅडमनी चपला काढल्या आणि त्याही उतरल्या.